बाबा का दमायचे? व्हीलचेअर मापात बसवायची, चालवायची आणि सांभाळायची कशी

खाली या एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना जिथे अडखळलो ती वाक्यं तेवढी नीट केलीत. यात मापं आणि आकडे बरेच आहेत, त्यामुळे हे पान सेव्ह करून ठेवा. आणि घरात कुणी व्हीलचेअर वापरत असेल तर वाचताना दोन वस्तू हाताशी घ्या: मोजायची टेप आणि सायकलचा पंप.

तर, सुरुवातीपासून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या मणक्याला दुखापत झाली. कमरेखालची ताकद गेली, हात मात्र ठणठणीत. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी घाईघाईत जाऊन व्हीलचेअर विकत घेतली. दुकानात एकच प्रश्न विचारला गेला, "पेशंटचं वजन किती?" मी सांगितलं, पैसे दिले, खुर्ची घरी. टी-शर्ट घेताना आपण एम की एल हे दोनदा बघतो. ज्या खुर्चीत माझे बाबा दिवसाचे दहा तास बसणार होते, ती मी एकही माप न घेता उचलून आणली.

पहिले तीन महिने बाबा रोज संध्याकाळी खाली यायचे. मग एक दिवसाआड. मग "आज नको रे, दमायला होतं." आई म्हणायची, मन खचलंय त्यांचं. मलाही तेच वाटायचं. आम्ही घाटकोपर पश्चिमेला राहतो, आत्या अंधेरीला आझाद नगरला. गणपतीला दरवर्षी सगळे तिच्याकडे जमतात. त्या वर्षी बाबा म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी टीव्ही बघतो." आम्ही गेलो. खरं सांगायचं तर, त्यांना आग्रहही केला नाही.

नंतर एका रविवारी दुपारी बाबा झोपले होते आणि मी त्यांची खुर्ची घेऊन खाली गेलो. सहज म्हणून स्वतः बसलो आणि बिल्डिंगपासून गेटपर्यंत स्वतःच ढकलत जाऊन आलो. मी एकोणतीस वर्षांचा, आठवड्यातून चार दिवस जिमला जाणारा. परत येईपर्यंत माझे दंड भरून आले होते आणि अंगठ्याची साल निघाली होती. हे बाबा साठीच्या उंबरठ्यावर रोज करत होते, आणि आम्ही त्याला मन खचणं म्हणत होतो.

फरशा मोजायचा प्रयोग

कोडमध्ये बग शोधताना आमचा एक साधा नियम असतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडला ते मोजायचं. इथेही तेच केलं. आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये दोन फुटी फरशा आहेत. बाबांना खुर्चीत बसवायचं, त्यांनी एकच नेहमीसारखा जोर द्यायचा आणि हात सोडायचे. खुर्ची आपोआप किती फरशा जाऊन थांबते, ते मी मोजायचं. पहिल्यांदा आकडा आला तीन. एका ढकलीत फक्त तीन फरशा! सायकल अशी चालली तर आपण ती त्याच दिवशी भंगारात देऊ.

पहिला संशयित: हवा

मागच्या मोठ्या चाकांत हवेचे टायर असतील तर आधी ते दाबून बघा. अंगठ्याने जोरात दाबल्यावर टायर पाच मिलिमीटरपेक्षा जास्त आत जाता कामा नये. आमचा टायर पावासारखा दबत होता. मी वर्षभर त्यात हवाच भरली नव्हती. ट्यूबमधून हवा हळूहळू जातेच, पंक्चर असायची गरज नाही. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूवर पीएसआयमध्ये छापलेलं असतं. तेवढीच भरा, अंदाजाने नको. पेट्रोल पंपावरची हवा एवढ्याशा ट्यूबमध्ये झटक्यात भरते आणि ट्यूब फुटू शकते, म्हणून घरचा मीटरवाला सायकल पंप बरा.

हवा भरल्यावर आकडा तीनवरून पाचवर गेला. फुकटात!

हवेचा आणखी एक संबंध मला माहीतच नव्हता, तो म्हणजे ब्रेकशी. व्हीलचेअरचा ब्रेक म्हणजे एक लोखंडी दांडी, जी टायरवर दाबून बसते. टायरमधली हवा कमी झाली की टायर आक्रसतो, दांडी नीट टेकत नाही, आणि ब्रेक लावलेला दिसत असूनही चाक फिरतं. बाबा एकदा पलंगावर सरकताना खुर्ची मागे गेली होती आणि ते पडता पडता वाचले होते. मी ब्रेकला दोष दिला, दोष हवेचा होता. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी हवा, मग ब्रेक. हवा भरूनही ब्रेक सैल वाटला तर त्याच्या पट्टीचे नट ढिले करून ब्रेक टायरच्या जवळ सरकवायचा आणि पुन्हा घट्ट करायचा. आणि हा ब्रेक उभ्या खुर्चीसाठी असतो. चालत्या खुर्चीचा वेग कमी करायला तो कधीच वापरू नका.

टायर बदलायची वेळ आली तर इथे एक गंमत आहे. बऱ्याच व्हीलचेअरच्या टायरवर २४ बाय १ पूर्णांक ३/८ असं लिहिलेलं असतं. याच मापाचा सायकलचा टायरही मिळतो आणि तो बसत नाही! बाजूला छापलेला दुसरा आकडा बघा. व्हीलचेअरचा असतो ३७-५४०, सायकलचा ३७-५४७. व्यासात फक्त सात मिलिमीटरचा फरक, पण त्यापायी माझी एक फेरी फुकट गेली.

दुसरा संशयित: पुढची छोटी चाकं

पुढची चाकं, म्हणजे कॅस्टर, उलटी करून बघा. चाक आणि काट्याच्या मधल्या फटीत काय काय सापडतं! आमच्याकडे आईचे केस, शिवणाचा दोरा आणि प्लास्टिकची एक पट्टी निघाली. सगळं एक्सलभोवती घट्ट गुंडाळलेलं. चाक काढून, कात्रीने कापून, चिमट्याने ओढून साफ केलं. चाक बोटाने फिरवल्यावर खरखर आवाज आला तर बेअरिंग गेलंय. बऱ्याच खुर्च्यांत तिथे ६०८ नंबरचं बेअरिंग असतं: आतून ८ मिलिमीटर, बाहेरून २२. ओळखीचं वाटतंय? फिजेट स्पिनरच्या मध्यभागी जे होतं, तेच. स्केटमध्येही तेच. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं. फक्त बंद बेअरिंगमध्ये गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, त्याने आतलं ग्रीस धुऊन जातं.

काट्याचा वरचा नटही तपासा. फार घट्ट असेल तर चाक वळत नाही, फार सैल असेल तर वेगात थरथरतं.

साफसफाईनंतर आकडा: सात फरशा. बाबांनी न विचारता आणखी दोनदा ढकलून बघितलं.

आता टेप घ्या

चाकं सुधारली, पण बाबांचे खांदे दुखायचे थांबले नाहीत. तेव्हा मापांकडे वळलो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली हाताने चालवायच्या व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा सारांश असा: योग्य खुर्ची म्हणजे माणसाच्या गरजेला आणि तो राहतो त्या जागेला चालणारी, शरीराला नीट बसणारी, सुरक्षित, टिकाऊ आणि आपल्याच भागात दुरुस्त होणारी. आमची खुर्ची यातल्या दुसऱ्या अटीवरच नापास झाली.

रुंदी: बसलेल्या स्थितीत कमरेचा सर्वांत रुंद भाग मोजा. सीट त्यापेक्षा दोन्ही बाजू मिळून फार तर दोन-अडीच सेंटीमीटर जास्त हवी. बाबांचं माप ३८ सेंटीमीटर, खुर्चीची सीट ४६. म्हणजे चाकापर्यंत पोचायला हात सतत बाहेर पसरलेले. खांदे दुखणार नाहीत तर काय होईल?

खोली: पाठ मागे टेकवून बसल्यावर सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत तीन ते सहा सेंटीमीटर फट हवी. सीट जास्त खोल असेल तर माणूस पुढे घसरतो आणि पाठीला बाक येतो.

पायाची पट्टी: मांडी सीटवर सपाट टेकली पाहिजे. पट्टी फार वर असेल तर गुडघे उंच होतात आणि सगळं वजन बुडाच्या दोन हाडांवर येतं. फार खाली असेल तर पाय लोंबकळतात आणि पट्टी स्पीड ब्रेकरला आपटते. पट्टीखाली जमिनीपासून निदान पाच सेंटीमीटर जागा हवी. हे बदलायला फक्त एक पाना लागतो, पाच मिनिटांचं काम.

पाठ: स्वतः खुर्ची ढकलणाऱ्या आणि धड सांभाळता येणाऱ्या माणसाची पाठ खांद्याच्या पात्याखाली संपली तर हात मोकळे फिरतात. ज्याला तोल सांभाळणं जड जातं त्याला उंच पाठ लागते.

चाकाची जागा: हात चाकाच्या अगदी वरच्या टोकावर ठेवल्यावर कोपराचा कोन ९० ते १२० अंशांच्या दरम्यान हवा. हात खाली सोडल्यावर बोटांची टोकं एक्सलच्या आसपास आली पाहिजेत.

या शेवटच्या मुद्द्यावर जुनी खुर्ची हरली. तिचं एक्सल पाठीच्या नळीच्या बरोबर खाली कायमचं वेल्ड केलेलं होतं. घडीच्या, खाली लोखंडी कैची असलेल्या खुर्चीचा हा आराखडा १९३३ सालचा. अमेरिकेत खाणीतल्या अपघातानंतर चालू न शकणारे हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे इंजिनिअर मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी तो केला, गाडीत घडी करून टाकता यावी म्हणून. कल्पना उत्तमच, नाहीतर आपल्या रिक्षात खुर्ची कुठे मावली असती? पण दवाखान्यात हीच खुर्ची बहुतेक वेळा मागून दुसरा कुणी ढकलतो. स्वतः चालवणाऱ्यासाठी एक्सल पुढे-मागे करता येणारी खुर्ची हवी. एक्सल थोडं पुढे आणलं की छोट्या चाकांवरचं वजन कमी होतं, खुर्ची हलकी चालते, वळते. मात्र ती मागे कलंडायचीही शक्यता वाढते. म्हणून एका वेळी एकच भोक पुढे सरकवायचं, मागे अँटी-टिपर लावायचे आणि पहिले काही दिवस पाठीशी कुणीतरी उभं राहायचं. ज्यांचे पाय कापलेले आहेत त्यांच्या बाबतीत उलट: पुढचं वजन कमी झालेलं असतं, म्हणून एक्सल मागे लागतं.

नवीन खुर्ची आम्ही मापं घेऊन केली. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे, केंद्र सरकारची, १९५५ सालापासून. अशा पुनर्वसन विभागातल्या थेरपिस्टकडून एकदा तरी मापं आणि बसणं तपासून घ्या. ॲडिप नावाच्या केंद्राच्या योजनेतून उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना साधनं मिळतात, तेही तिथे विचारा. मापानुसार बनणाऱ्या देशी खुर्च्याही आता आहेत. आयआयटी मद्रासच्या संशोधनातून आलेली निओफ्लाय हे त्यातलं एक नाव.

जिथे चूक महागात पडते: कुशन

मणक्याच्या दुखापतीत कमरेखाली दुखणं कळत नाही. आपण बसल्या बसल्या नकळत चुळबुळ करतो, बाबांना ती सूचनाच मिळत नाही. एकाच जागी दाब राहिला की रक्तपुरवठा थांबतो आणि जखम होते. ती महिनोन् महिने भरत नाही, आणि तिच्यातला जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणून घरातली सोफ्याची उशी चालत नाही.

कुशन तपासायची पद्धत: माणूस बसलेला असताना कुशनच्या खालून, बुडाच्या हाडाच्या बरोबर खाली बोटं घाला. बोटांची टोकं पाचेक मिलिमीटर वरखाली हलवता आली तर ठीक. बोटं घट्ट दाबली गेली तर कुशन बसलंय, बदला. दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून एखाद-दोन मिनिटं दाब कमी करायचा. हातांवर अंग उचलण्यापेक्षा झुकणं खांद्यांना सोपं. बाबांच्या फोनवर मी अलार्म लावलाय, ते त्याला "साहेबांचा फोन" म्हणतात.

रोज रात्री त्वचा बघायची. आरशात दिसत नसेल तर फोनने फोटो काढा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर बसणं बंद आणि लगेच डॉक्टर.

चालवणं आणि बाहेर पडणं

छोटे छोटे झटके देऊ नका. चाक म्हणजे घड्याळ समजा, बाजूने बघितलेलं, पुढची बाजू तीनच्या दिशेला. साधारण दहावर पकडून दोनपर्यंत एक लांब, सलग ढकल द्यायची. मग हात सोडून कडीच्या खालून सैल मागे आणायचा. ढकली कमी, खांदे खूश.

मदत करणाऱ्यांसाठी: फुटपाथ चढताना मागच्या दांडीवर पाय देऊन आधी पुढची चाकं वर घ्यायची, मग मोठी चाकं कडेला टेकवून वर लोटायची. उतरताना पाठमोरं, आधी मोठी चाकं. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकांच्या दिशेनेच असतील तर छोटी चाकं त्यात अडकतात, ती उचलूनच पार करा. खुर्ची उचलताना फ्रेम धरा. हात ठेवायच्या पट्ट्या आणि पायाच्या पट्ट्या निघून हातात येतात. घडी उघडताना सीटच्या नळ्या उघड्या तळव्यांनी दाबा, बोटं नळीखाली ठेवलीत तर चेमटतील. आणि सर्वांत महत्त्वाचं: ढकलण्याआधी विचारा. बाबा म्हणतात, "न सांगता ढकललंस की मी माणूस नाही, सामान झालोय असं वाटतं."

उतार बांधायचा असेल तर गणित एकास बाराचं. १५ सेंटीमीटरची एक पायरी असेल तर १८० सेंटीमीटरचा उतार. तीन पायऱ्या, ४५ सेंटीमीटर? मग ५ मीटर ४० सेंटीमीटर. आपल्याकडे तीन पायऱ्यांवर दीड मीटरचा सिमेंटचा उतार घालून काम झालं म्हणतात. ती घसरगुंडी आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे गणित फळ्यावर लिहून दाखवलं, तेव्हा कुठे विषय पुढे सरकला.

बाहेरचे अडथळे मात्र पान्याने सुटत नाहीत. गाड्या चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी खांब रोवतात आणि त्यांतून व्हीलचेअर जात नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली, तीही व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराच्या तक्रारीवरून. लोकलमध्ये दिव्यांगांचा राखीव डबा आहे, पण फलाट आणि डब्यातली फट आणि उंचीतला फरक बघून बाबांना तिकडे न्यायचं धाडस माझं अजून झालेलं नाही.

मेट्रोचं तसं नाही. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मार्ग २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाला. स्थानकात लिफ्ट आहे, फलाट आणि डबा एका पातळीत आहेत. आत शिरताना खुर्ची अगदी सरळ काटकोनात न्या. तिरकी गेली तर छोटं चाक फटीत वळतं.

लक्षात ठेवायचं वेळापत्रक

दर आठवड्याला: हवा, ब्रेक, छोट्या चाकांतले केस, कुशनच्या कव्हरची धुलाई.

दर महिन्याला: सगळे नट-बोल्ट, चाकाच्या तारा, कैचीच्या सांध्याला थेंबभर तेल (टायर आणि ब्रेकवर अजिबात नाही), सीटचं कापड लोंबतंय का. चाक आऊट झालं असेल तर कोपऱ्यावरचा सायकलवाला तारा आवळून देतो.

पावसाळ्यात: बाहेरून आल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसा, तारांची टोकं आणि स्क्रू विसरू नका. आपल्या दमट, खारट हवेत गंज तिथूनच सुरू होतो.

नव्या खुर्चीत बाबांचा पॅसेजमधला आकडा अकरा आहे. या गणपतीत आम्ही जागृती नगरहून मेट्रो पकडली. आझाद नगर तिथून आठवं स्टेशन. लिफ्टपर्यंत मी मागून चालत होतो, हात सवयीने हँडलकडे गेले. बाबा मागे न बघता म्हणाले, "लागलं तर सांगेन." आत्याच्या बिल्डिंगला दोन पायऱ्या आहेत, तिथे सांगितलं.

म्हणून एवढंच करा: हा एपिसोड संपला की घरातल्या, शेजारच्या, गावाकडच्या आजोबांच्या खुर्चीचा टायर अंगठ्याने दाबून बघा. आणि त्यांनी परवानगी दिली तर पाच मिनिटं स्वतः बसून बघा. मला ते सुचायला एक वर्ष लागलं.